‘येस, टी-फाइव्ह’ : एडिसनची मस्टँग जर्मनीला पाठवताना झालेला घोळ

मंडळी, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि पोर्ट नेवार्कजवळ एका फ्रेट फॉरवर्डरकडे (लोकांचा माल परदेशी पाठवून देणारी कंपनी) डॉक्युमेंटेशनला आहे. म्हणजे जहाजबिहाज मी क्वचितच बघतो, माझा दिवस कागदात जातो. आमच्याकडून जुन्या अमेरिकन गाड्या बऱ्याच जातात, जास्त करून जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन (स्वीडनमधल्या लोकांना या गाड्यांचं जे वेड आहे ते इथल्या अमेरिकनांनाही नाही), अधूनमधून ऑस्ट्रेलिया. शेकडो गाड्यांचे कागद केलेत मी. आणि तरी २०२४ मध्ये शेजारच्या काकांची गाडी विकायला मदत करताना एका मेलमधल्या दोन शब्दांनी जो गोंधळ घातला तो सगळा माझाच होता, म्हणून जसा झाला तसा सांगतो. विकत घेणारे, विकणारे कोणाचीच नावं देत नाही.

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप, २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट इंजिन, साधारण ४.७ लिटर. काका म्हणजे आमच्या गल्लीतले अमेरिकन आजोबा, वय ऐंशीच्या घरात, मी त्यांना नावाने हाक मारतो पण घरात आम्ही सगळे काकाच म्हणतो. तरुणपणी आर्मीत होते, १९६७ ते ६९ पोस्टिंग जर्मनीत, परत आल्यावर इथल्याच फोर्डच्या कारखान्यात काही वर्षं लाइनवर काम केलं. हा कारखाना आमच्या एडिसनमध्ये रूट वनवर होता, फोर्ड त्याला मेटुचेन प्लांट म्हणायची, २००४ ला बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत. आज ओक ट्री रोडवर वडापाव खायला जाणाऱ्या आपल्या अर्ध्या लोकांना माहितही नसेल की १९६५ ते १९७१ पर्यंत याच गावात मस्टँग बनायच्या. काकांची गाडी त्यातलीच. तिच्या व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीवर ठोकलेल्या ओळख नंबरातलं, दुसरं अक्षर ‘टी’, ते मेटुचेनचं. डिअरबॉर्नच्या गाडीला ‘एफ’ आणि सॅन होजेच्या गाडीला ‘आर’ असतं. काकांनी ती १९७४ ला सेकंडहँड घेतली आणि पन्नास वर्षं सांभाळली. गुडघे गेले, क्लच दाबवेना, मुलं टेक्सासला, तेव्हा विकायची ठरली.

इथे गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. गावातल्याच एकाने २७,५०० डॉलर रोख देतो म्हटलं होतं. हा आकडा लक्षात ठेवा. पण मीच शहाणपणा केला, म्हटलं काका, बाहेर विकू, युरोपात जास्त येतील, कागदांचं मी बघतो. आपल्याकडे म्हणतात ना, आ बैल मुझे मार, तसं.

जाहिरात टाकल्यावर पहिला आठवडा फक्त चोरांचा. एकजण म्हणाला गाडी न बघताच घेतो, बँकेचा चेक पाठवतो, चेक सहा हजार डॉलर जास्तीचा असेल, ते सहा हजार तुम्ही माझ्या शिपिंगवाल्याला पाठवा. हे इथलं फार जुनं दुखणं आहे. चेक खात्यात टाकला की बँक एक-दोन दिवसांत पैसे दाखवते, माणसाला वाटतं वटला, तो खिशातले सहा हजार पाठवून मोकळा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी चेक खोटा म्हणून परत येतो. काका चेकची वाट बघत बसलेच होते, मी अडवलं. नियम ठरवला की पैसे वायर ट्रान्सफरनेच, सगळे खात्यात आल्याचं बँकेने सांगितल्याशिवाय टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही नाही, आणि शिपिंगचे पैसे घेणारा आपल्यामार्फत देणार नाही, थेट देणार.

फेब्रुवारीत हॅम्बुर्गजवळच्या एका गृहस्थाचा मेल आला. अगदी सभ्य, मुद्देसूद, चौदा प्रश्न नंबर घालून. काकांना टायपिंग जमत नाही म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या किचनमध्ये बसलो, मी प्रश्न वाचायचा, काका उत्तर द्यायचे, मी टाइप करायचं. गंज कुठे, मजला कधी बदलला, रंग मूळचा का, सगळं झालं. नववा प्रश्न होता, ‘इज इट अ टी-फाइव्ह?’ मी वाचला, काका म्हणाले ‘येस, टी-फाइव्ह’, मी टाइप केलं ‘येस, टी-फाइव्ह’ आणि दहाव्यावर गेलो. शेवटी आपण होऊन एक ओळ काकांनी घालायला लावली, की मी आर्मीत असताना दोन वर्षं तुमच्या देशात होतो, तुमची बिअर फार आठवते.

आता यात काय चुकलं ते कळायला थोडा इतिहास लागतो. मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये लाँच झाली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख विकल्या गेल्या. पण जर्मनीत ती ‘मस्टँग’ या नावाने विकता येईना, कारण तिथे त्या नावाचे हक्क क्रुप कंपनीकडे होते, ट्रकसाठी. क्रुपने नावाचे दहा हजार डॉलर मागितले, फोर्डने दिले नाहीत. म्हणून जर्मनीत गेलेल्या गाड्यांवरची मस्टँगची अक्षरं काढून ‘टी-५’ असा बिल्ला लावायचे, आणि हे १९७८ पर्यंत चाललं. तिथे पोस्टिंगला असलेल्या अमेरिकन सैनिकांनीही अशा टी-५ घेतल्या आणि परत येताना काहींनी बरोबर आणल्या. त्यामुळे अमेरिकेत सापडलेली खरी टी-५ म्हणजे जर्मन शौकिनाला हरवलेलं भावंड सापडल्यासारखं, तो चार पैसे जास्त मोजतो.

आणि काकांचं टी-५ काय होतं? बोर्गवॉर्नरचा टी-५ नावाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. १९८० च्या दशकातल्या मस्टँगमध्ये हा यायचा, आणि जुन्या मस्टँगमध्ये तो बसवणं हा इथल्या गॅरेजवाल्यांचा आवडता उद्योग आहे, हायवेला इंजिन शांत पळतं, पेट्रोल कमी खातं. काकांनी २००९ मध्ये मूळचा ऑटोमॅटिक काढून हा घातला होता. इथल्या गिऱ्हाइकाला ते सांगितलं की तो खूश होतो. काका खोटं बोलले नव्हते. विचारणाराही बरोबरच होता. मधे बसून टाइप करणाऱ्या गाढवाला दोन्ही अर्थ माहीत होते, हे विशेष, पण त्या क्षणी मला फक्त गिअरबॉक्सच दिसला कारण दहा मिनिटांपूर्वीच मी गाडी चालवून आलो होतो.

जर्मन गृहस्थाने बिअरची ओळ वाचली, टी-फाइव्ह वाचलं, त्याच्या डोक्यात गोष्ट पूर्ण तयार झाली : सैनिकाने जर्मनीत घेतलेली गाडी, घरी परत येतेय. दुसऱ्या दिवशी ३३,००० डॉलरची ऑफर. काका उडालेच. मीही कॉलर ताठ करून बायकोला सांगितलं, बघ.

दहा टक्के डिपॉझिट वायरने आलं आणि मी कागदांना लागलो. इथे एक वेगळाच खिळा निघाला. टायटल म्हणजे आपल्या आरसीचा थोरला भाऊ समजा, मालकीचा खरा पुरावा तोच. वापरलेली गाडी अमेरिकेबाहेर न्यायची तर मूळ टायटल आणि त्याच्या प्रती बंदरातल्या कस्टम्सला गाडी चढण्याच्या किमान ७२ तास आधी द्याव्या लागतात, ते टायटलवरचा व्हीआयएन आणि गाडीवरचा व्हीआयएन ताडून बघू शकतात. १९८१ पासूनच्या गाड्यांना सतरा अक्षरी व्हीआयएन असतो, त्याला चेक डिजिट असतो, चुकला की कॉम्प्युटरच ओरडतो. १९६६ च्या गाडीचा व्हीआयएन अकराच अक्षरांचा, तिथे ओरडायला कोणी नाही. काकांच्या टायटलवर ६, टी, मग शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’. कोणीतरी केव्हातरी टाइप करताना ठोकलेला, पन्नास वर्षांत कोणाच्या लक्षात आला नाही, इन्शुरन्स निघाला, ‘क्यू क्यू’ सिरीजची हिस्टॉरिक नंबर प्लेटही मिळाली. पण कस्टम्सच्या टेबलावर एक ओ म्हणजे दुसरी गाडी. इंजिन बेमधल्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबराचे फोटो, कारखान्याचे कोड असलेल्या दाराच्या पाटीचा फोटो, काकांचा अर्ज, दोन फेऱ्या, पाच आठवडे. जुनी गाडी विकायचा विचार करताय तर जाहिरातीच्याही आधी एका हातात टायटल आणि दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन हे एक अक्षर न् अक्षर बघा, बाकी सगळं नंतर.

त्यातच काकांना ईआयएन, म्हणजे टॅक्स खात्याकडचा धंद्यासाठीचा ओळख नंबर, काढायला लावला. गाडी बाहेर जाते तेव्हा एईएस नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये एक्स्पोर्टची नोंद करावी लागते, वापरलेल्या गाडीला किंमत कितीही कमी असली तरी सूट नाही, आणि त्यात विकणाऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएन लागतो, जो टॅक्सवाल्यांकडून ऑनलाइन फुकट मिळतो. काकांना वाटलं आता मीच त्यांना फसवतोय. सहा हजारवाल्या चोरापासून तुम्हीच सावध केलंत आणि आता तुम्हीच टॅक्सवाल्यांचा नंबर काढा म्हणता! त्यांच्या मुलीला टेक्सासला फोन लावून द्यावा लागला.

मूळ बेत गाडी बाल्टिमोरहून रोरोने पाठवायचा होता, म्हणजे गाडी स्वतः चालत जहाजात चढते, चालत उतरते. स्वस्त पडतं. गाड्यांसाठी बाल्टिमोर हे फार मोठं बंदर. २६ मार्चला पहाटे ‘डाली’ नावाचं कंटेनर जहाज तिथल्या की ब्रिजला धडकलं, पूल कोसळला, पुलावर रात्रपाळी करणारे सहा कामगार गेले, आणि बंदराचा रस्ताच बंद झाला, पूर्ण चॅनेल जूनमध्ये खुला झाला. आम्ही गाडी कंटेनरने नेवार्कहून पाठवायचं ठरवलं. घेणाऱ्याने आधी इन्शुरन्स नको म्हटलं होतं, बातम्या बघून त्यानेच मेल केला की काढा. मी त्याला एवढंच समजावलं होतं की जहाजाचा मालक ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर करू शकतो, म्हणजे जहाज वाचवायला आलेल्या खर्चात ज्यांचा माल सुखरूप आहे त्यांनाही वाटा उचलावा लागतो, आणि तो भरल्याशिवाय माल हातात येत नाही. डालीच्या बाबतीत एप्रिलमध्ये नेमकं तेच जाहीर झालं. आणि २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ हे जहाज हजारो गाड्यांसकट अझोर्सजवळ जळून बुडालं होतंच.

एप्रिलच्या मध्यावर उरलेले सगळे पैसे आले, बँकेकडून खात्री केली, काकांनी टायटलवर सही केली, आणि ट्रकवाला गाडी आमच्या वेअरहाऊसला घेऊन गेला. काकांनी प्लेट्स स्वतःच्या हाताने काढल्या, न्यू जर्सीत त्या सरकारला परत द्याव्या लागतात, त्यामुळे आठवण म्हणून भिंतीवर लावायचीही सोय नाही. एईएसची नोंद झाली, कस्टम्सला टायटल गेलं. माझ्या दृष्टीने फाइल बंद.

तेव्हा ब्रेमरहाफेनहून घेणाऱ्याच्या कस्टम्स एजंटचा मेल आला. त्याला इंपोर्टची तयारी म्हणून फोटो हवे होते : दाराची पाटी जवळून, इंजिन, आतलं, पेडल्स. मी वेअरहाऊसमधल्या पोराला सांगून काढून घेतले आणि न बघता पाठवले. (हो, न बघता. लिहून ठेवतोय.) दुसऱ्या दिवशी दोन मेल आले, एक एजंटचा, एक घेणाऱ्याचा.

एजंटचा मेल दोन ओळींचा. पाटीवर ट्रान्समिशनचा कोड ६ आहे, म्हणजे फोर्डचा सी-४ ऑटोमॅटिक, मग फोटोत क्लच पेडल कसं?

घेणाऱ्याचा मेल एका ओळीचा. पाटीवरचा डीएसओ कोड एक्स्पोर्टचा नाही, इथल्याच डिस्ट्रिक्टचा आहे, ही टी-५ कुठून झाली?

डीएसओ म्हणजे गाडीची ऑर्डर कुठल्या विक्री-डिस्ट्रिक्टची ते सांगणारा आकडा, आणि एक्स्पोर्टच्या ऑर्डरला नव्वदीतले आकडे असायचे, हे मला तेव्हा शोधून कळलं. मी खुर्चीत बसूनच होतो पण पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं ते कळलं. नववा प्रश्न उघडून वाचला. ‘येस, टी-फाइव्ह.’ खाली बिअर.

टी-५ नाही हे निव्वळ भावाचं भांडण होतं, ते कमीजास्त करून मिटलं असतं. खरा दणका एजंटच्या मेलमध्ये होता. युरोपियन युनियनमध्ये बाहेरची साधी वापरलेली गाडी आणली तर तेव्हा १० टक्के ड्युटी होती, आणि जर्मनीत त्यावर १९ टक्के व्हॅट. पण गाडी किमान तीस वर्षं जुनी असेल, ते मॉडेल आता बनत नसेल आणि गाडी तिच्या मूळ अवस्थेत असेल, तर ती कस्टम्सच्या ९७०५ नंबरच्या खात्यात बसते, जिथे संग्राहकांच्या वस्तू, जुनी नाणी वगैरे असतात. मग ड्युटी शून्य आणि व्हॅट फक्त ७ टक्के. मूळ अवस्था म्हणजे चॅसी, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन, ट्रान्समिशन यात मोठा बदल नको. झिजलेला पार्ट बदलला, गाडी रिस्टोअर केली तर हरकत नाही, पण ‘मॉडर्न’ केलेली गाडी चालत नाही. १९६६ च्या ऑटोमॅटिक गाडीत १९८० च्या दशकातला पाच गिअरचा मॅन्युअल म्हणजे शुद्ध मॉडर्न.

हिशोब सोपा करायला भाडं-इन्शुरन्स धरून किंमत ३०,००० युरो समजा. ९७०५ मध्ये २,१०० युरो भरून गाडी बाहेर. नाहीतर ३,००० ड्युटी, मग ३३,००० वर १९ टक्के म्हणजे ६,२७०, एकूण ९,२७०. सात हजारांहून जास्त युरोंचा फरक, आणि तो माझ्या दोन शब्दांत लपलेला. गंमत बघा, एकच टी-५, एका अर्थाने त्याने भाव चढवला आणि दुसऱ्या अर्थाने गाडीचं खातंच बदलायला निघाला.

रात्री काकांकडे गेलो. मला वाटलं होतं ते घेणाऱ्यावर चिडतील, ‘अॅज इज’ (आहे तशी) विकलीय, पैसे आलेत, विषय संपला म्हणतील. इथल्या इथे विकली असती तर बहुतेक तसंच झालं असतं, जाहिरातीत ‘अॅज इज’ लिहिलं की विकणारा निवांत. पण त्या माणसाने गाडी डोळ्यांनी बघितली नव्हती, आम्ही लिहिलेल्या शब्दांवर ३३,००० डॉलर पाठवले होते, आणि त्याच शब्दांच्या जोरावर त्याचा एजंट तिकडच्या कस्टम्सपुढे उभा राहणार होता. मी सगळं सांगितलं, कुठला टी-५ कुठला ते. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, तो मूर्ख प्रश्न मला नीट वाचून दाखवला असतास तर? मी काय बोलणार.

मग ते उठले, काठी घेतली, गॅरेजमध्ये नेलं. मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली लाकडी ठोकळ्यांवर मूळचा सी-४ ठेवलेला, त्याच्याबरोबरचे ब्रॅकेट, मूळचं ब्रेक पेडल, सगळं कॉफीच्या डब्यांमध्ये, डब्यांवर मार्करने लिहिलेलं. पंधरा वर्षं. म्हणे फेकून देणं जिवावर आलं.

पुढचे आठ दिवस मेल, फोन, परत मेल. घेणाऱ्यापुढे तीन रस्ते ठेवले : पूर्ण पैसे परत, किंवा गाडी आहे तशी, किंमत बरीच खाली, ड्युटी त्याची, किंवा आम्ही इथेच मूळचा ऑटोमॅटिक परत बसवून देतो आणि टी-५ चा जो जास्तीचा भाव लागला तो वजा. सी-४ गाडीबरोबर सुटा पाठवला तर चालेल का असं मी विचारून बघितलं, पण एजंट म्हणाला अधिकारी आलेली गाडी बघणार, डिकीत ठेवलेला गिअरबॉक्स बघून तिला मूळ अवस्थेतली कशी म्हणणार. रास्त होतं. शेवटी तिसरा रस्ता, किंमत २९,०००, चार हजार परत.

घेणारा म्हणाला, आता इंजिनबद्दलही मला शब्द नको, पुरावा हवा. त्याचं बरोबरच होतं. २८९ आणि नंतरचं ३०२ बाहेरून जुळी भावंडं, वरून बघून भलेभले फसतात. आणि १९६६ च्या साध्या मस्टँगमध्ये इंजिनावर व्हीआयएन ठोकलेलाच नसतो, तो फक्त ‘के’ कोडच्या जास्त ताकदीच्या इंजिनावर यायचा, त्यामुळे ‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिनाचा आणि गाडीचा नंबर एकच) असं कोणी या गाडीबद्दल सांगत असेल तर हसून सोडून द्या. बघायचं असतं इंजिनाच्या ब्लॉकवरचं कास्टिंग, म्हणजे ओततानाच उमटलेले आकडे-अक्षरं. उजव्या बाजूला स्टार्टरच्या वर असतं, स्टार्टर काढल्याशिवाय नीट दिसत नाही. फोर्डमध्ये पहिलं अक्षर दशकाचं, ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘डी’ सत्तरचं, ‘ई’ ऐंशीचं, पुढचा आकडा वर्षाचा. आमच्या गाडीवर सी-६ निघालं, शेजारचा तारखेचा कोडही गाडीच्या बनावटीच्या महिन्याच्या थोडासाच आधीचा. मेकॅनिकने ब्रश मारून, खडू फासून, मोजपट्टी धरून फोटो काढले. तो फोटो जेव्हा पाठवला तेव्हा पहिल्यांदा मला घेणाऱ्याचं एक हसरं चिन्ह आलं.

मधल्या काळात आमच्या ऑफिसातलं काम वेगळंच. गाडी लोडिंगच्या यादीतून काढायची, टायटल परत मिळवायचं, एईएसमधली नोंद नव्या किमतीने दुरुस्त करायची, नव्या जहाजाची जागा घ्यायची. वेअरहाऊसचं भाडं आणि ट्रकच्या दोन जादा फेऱ्या मिळून ६४० डॉलर झाले, ते मी माझ्या खिशातून भरले, काका नको म्हणत होते, पण इतकी तरी लाज ठेवायला हवी. सी-४ चे सील बदलून तो ठाकठीक करणं आणि बसवणं, काकांना २,८०० डॉलर पडले. निघालेला पाच गिअरचा बॉक्स गावातल्याच एका पोराने १,८०० ला नेला, आणि हा तोच, ज्याने जानेवारीत २७,५०० देऊ केले होते!

आता हिशोब करा. २९,००० मधून २,८०० गेले, १,८०० आले, काकांच्या हातात २८,०००. गावात विकली असती तर २७,५००, त्याच संध्याकाळी. पाच महिन्यांच्या धावपळीची कमाई पाचशे डॉलर, आणि माझे सहाशे चाळीस गेलेले. बायकोला हा हिशोब मी अजून नीट सांगितलेला नाही.

कंटेनर मेअखेर भरला. चाळीस फुटी, त्यात आमची मस्टँग आणि दुसऱ्या कोणाची तरी पिकअप. टाकीत नावापुरतं पेट्रोल, बॅटरी सोडलेली, चाकांना पट्टे, पुढेमागे फळीवर ठोकलेले ठोकळे. या वेळी प्रत्येक फोटो मी स्वतः बघितला, पेडल्सचा तर दोनदा. काकांना यायचं होतं, आणलं. त्यांनी गाडीच्या सन व्हायजरमध्ये एक कागद खोचला होता, मी कस्टम्सच्या भीतीने काढून वाचला : थंड असताना अॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोड, मग चावी फिरव, दोनदा दाबलंस तर पेट्रोलचा पूर येईल. परत खोचून ठेवला. माझे आजोबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते, तिथे तेव्हा डॉज, प्लायमाउथ जुळवायचे, त्यांचीही अशीच सवय, कोणाला सायकल दिली तरी चेन कशी घालायची ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे.

जूनमध्ये गाडी ब्रेमरहाफेनला उतरली. एजंटने कास्टिंगचे, पाटीचे, पेडल्सचे फोटो आधीच फाइलला लावले होते, ९७०५ मान्य झालं, व्हॅट दोन हजार युरोंच्या आसपास. पुढचं जर्मनीतलं, ते मी ऐकून सांगतोय : तज्ज्ञाकडून तपासणी, मग ‘एच’ची नंबर प्लेट, जी तीस वर्षांवरच्या जुन्या गाडीला मिळते आणि मग वर्षाचा टॅक्स सरसकट १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. हेडलाइट बदलावे लागले. मागचे लाल इंडिकेटर मात्र राहिले, १९७० च्या आधीच्या गाडीला तिथे चालतात, याचा काकांना विनाकारण अभिमान वाटला.

ऑगस्टमध्ये फोटो आला, गाडी कुठल्याशा नदीकाठी, नवीन प्लेट. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, आता गिअर कोणता टाकायचा ही त्याला चिंताच नाही.

मेलच्या शेवटी त्या गृहस्थाने लिहिलं होतं की त्याच्या मित्राला अशीच एक गाडी हवी आहे, पण खरी टी-५, तुमच्या भागात कोणाकडे आहे का. या वेळी मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं की शोधतो, पण तुमच्या मित्राला टी-५ म्हणजे नेमकं काय काय असलेली गाडी हवी आहे, बिल्ला, पाटीवरचा कोड, गिअरबॉक्स, ते आधी त्यालाच एकेक करून लिहायला सांगा.